काच शाबूत आहे

मी काय काम करायचो, हे मला आजवर कुणालाही एका वाक्यात सांगता आलेलं नाही. 'बंद पडलेल्या इमारतींत माणसांच्या राहण्याची सोय करायचो' असं म्हटलं की समोरचा विचारतो, 'म्हणजे बिल्डर?' नाही म्हटलं की विचारतो, 'मग समाजसेवा?' तेही नाही. बिल्डर मोकळ्या जागेवर इमारत उभी करतो, मी उभ्या इमारतीत जागा शोधायचो. आणि समाजसेवकांचा स्वभाव गोड असतो म्हणतात. माझा नाही, हे आमचा मुनियप्पा मेस्त्री शपथेवर सांगेल.

सांगलीहून नोकरीसाठी बंगळूरला आलो तेव्हा पंचविशीत होतो. सरकारी कारखान्याच्या बांधकाम खात्यात अख्खी नोकरी काढली, निवृत्त झालो आणि महिन्याभरात घरात बसून बायकोचं डोकं खायला लागलो. सुधानेच एका छोट्या ट्रस्टचा पत्ता हातात ठेवला. हा ट्रस्ट बंद पडलेल्या इमारती दहा-पंधरा वर्षांच्या कराराने घ्यायचा, त्यात खोल्या पाडायचा, आणि ज्यांना या शहरात कुणी घर देत नाही अशांना परवडेल त्या भाड्याने द्यायचा. निवृत्त फौजी, वॉचमन, नवऱ्यामागे एकट्या पडलेल्या बायका, कारखाना बंद झाल्याने रस्त्यावर आलेले कामगार. त्यांना इंजिनिअर हवा होता, मला घराबाहेर पडायला निमित्त हवं होतं.

लोकांना वाटतं, इमारत उभी आहे, चार भिंती घातल्या की झालं. तसं नसतं. कारखान्याची इमारत यंत्रांसाठी बांधलेली असते. यंत्रं माणसांपेक्षा जड, त्यामुळे वजनाची काळजी कमी. पण यंत्राला संडास लागत नाही. यंत्राला खिडकीतून बाहेर बघावंसं वाटत नाही. तेव्हा आमचं निम्मं आयुष्य सांडपाण्याचे पाइप कुठून न्यायचे यात गेलं, आणि उरलेलं भिंतीत खिडक्या फोडण्यात.

देवनहळ्ळीजवळ एक बंद पडलेलं लग्नाचं कार्यालय आम्ही असंच घेतलं होतं. पंगतीच्या हॉलमध्ये अकरा खोल्या काढल्या. वधूची खोली तेवढी तयारच होती, एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत आरसा. ती गौरम्मा नावाच्या फुलवालीला मिळाली. सगळ्यांनी तिचं नशीब वाखाणलं. महिन्याभराने गेलो तर तिने आख्ख्या आरशावर जुनी साडी ठोकलेली. मी जरा चिडूनच विचारलं की एवढा चांगला आरसा का झाकला. ती म्हणाली, सकाळपासून रात्रीपर्यंत एकच माणूस किती वेळा बघायचं? मी हसलो होतो. तेव्हा सुधा होती, म्हणून हसलो.

आता पीण्या भागातल्या इमारतीचं सांगतो. खरं तर तेवढंच सांगायचं आहे.

पीण्या औद्योगिक वसाहतीत सुट्टे भाग बनवणारा एक तीन मजली कारखाना बंद पडला होता. आजूबाजूला लेथ मशीनांची घरघर दिवसभर चालू, आणि मधे ही इमारत गप्प. आम्ही तिच्यात सव्वीस खोल्या काढल्या. अडचण एकच होती. मूळ इमारतीला मालकाने मागाहून एक भाग जोडला होता, आणि दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात, जिथे जुनं आणि नवं एकत्र येतं, तिथे भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग होती.

भेग दिसली की लोक घाबरतात. इंजिनिअर घाबरत नाही, तो एकच प्रश्न विचारतो: ही जुनी, शांत झालेली भेग आहे की अजून सरकते आहे? ते डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी एक जुनी, स्वस्त युक्ती आहे. काचेची बोटभर लांबीची पातळ पट्टी घ्यायची, भेगेवर आडवी ठेवायची आणि दोन्ही टोकं दोन बाजूंच्या भिंतीला प्लास्टरने घट्ट बसवायची. प्लास्टरवर तारीख लिहायची. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तुटते. आता यंत्रं आली आहेत, पण माझा जीव काचेवर. फोटोफ्रेमच्या दुकानातून उरलेल्या पट्ट्या आणायच्या, बस्स.

माझा नियम असा होता. नवी काच लावली की दर आठवड्याला जाऊन बघायचं. सहा आठवडे शाबूत राहिली की मग तीन महिन्यांनी एकदा. तुटली तर नवी लावून पुन्हा पहिल्यापासून. आणि वर्षात तीनदा तुटली तर तो भाग राहण्याला धोक्याचा, असा अहवाल द्यायचा. हा नियम मी स्वतः लिहून ट्रस्टला दिला होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

भेगेला लागून चौदा नंबरची खोली. ती हवालदार यल्लाप्पा पाटलांना मिळाली. खानापूरकडचे. पलटणीत वीस-बावीस वर्षं, नंतर महादेवपुऱ्यात आयटी कंपन्यांच्या गेटवर तेवढीच वर्षं. बायको गेलेली, मुलगा अपघातात गेलेला, सून नातवंडांना घेऊन माहेरी. साठी उलटल्यावर एजन्सीने काढून टाकलं. घर शोधायला गेले तर घरमालकांनी तोंडावर सांगितलं, एकट्या म्हाताऱ्याला खोली देत नाही, उद्या आत काही झालं तर कोण निस्तरणार? दोन महिने हवालदार दुसऱ्या एका वॉचमनच्या केबिनमध्ये पाळीपाळीने झोपत होते. चौदा नंबरची किल्ली हातात दिली तेव्हा त्यांनी ती मोजून दोनदा कुलपात फिरवून बघितली. सामान म्हणजे एक काळी ट्रंक. तिच्यावरचं नाव आणि नंबर अजून वाचता येत होता.

त्यांना काचेचं समजावून सांगितलं, तर माणूस खुलला. दुसऱ्या दिवसापासून काचेवर पहारा सुरू. व्हरांड्यात खेळणाऱ्या पोरांना तिकडे फिरकू देईनात. मी गुरुवारी गेलो की दारातच उभे असायचे.

"आलासा? बसा की साहेब. च्या टाकतो. काच शाबूत हाय."

गुळाचा चहा, स्टीलच्या ग्लासात. वीस मिनिटं बसायचो. बोलायचो तरी काय? पाऊस, गुडघे, त्यांच्याकडची भाताची लावणी, आमच्याकडचा ऊस. पण मराठीत बोलायचो. हे बंगळुरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. दुकानात कन्नड, साइटवर हिंदी, कागदावर इंग्रजी, आणि मराठी फक्त घराच्या उंबऱ्याच्या आत. त्याच वर्षी सुधा गेली. मुलगा परदेशात, त्याचा फोन रविवारी. म्हणजे सोमवार ते शनिवार माझ्या तोंडून मराठी शब्द निघायचा तो देवापुढे, नाहीतर गुरुवारी चौदा नंबरात. हवालदारांचं तर देवाशीही फारसं बोलणं नसावं.

सहा आठवडे झाले. काच शाबूत. मी वहीत नोंद केली आणि हवालदारांना सांगितलं की आता काळजी मिटली, मी तीन महिन्यांनी येईन. ते म्हणाले, "बरं." चहाचा ग्लास उचलून आत गेले.

पुढचे काही दिवस त्यांचा एकदाही फोन आला नाही. माझा नंबर होता त्यांच्याकडे. पण काम असल्याशिवाय साहेबाला फोन करायचा नसतो, हे पलटणीत अंगात मुरलेलं. आणि मीही केला नाही. साहेबाने तरी कामाशिवाय फोन कशाला करायचा?

दहा दिवसांनी फोन वाजला. "साहेब, काच तुटली."

मी धावत गेलो. काच मधोमध तुटलेली. नवी लावली, चहा झाला, पुन्हा गुरुवार सुरू झाले. सहा आठवडे काच ठणठणीत. तीन महिन्यांनी येतो म्हणालो आणि पंधरवड्यात पुन्हा फोन. पुन्हा नवी काच, पुन्हा गुरुवार.

दुसऱ्या वेळी मुनियप्पा बरोबर होता. त्याने तुटलेला तुकडा उजेडात धरला, भेग बघितली, आणि मला म्हणाला, "स्वल्प नोडी, सर." जरा बघा तरी. त्याचं म्हणणं होतं की भिंतीने ओढलेली काच सरळ तडकते, ही कडेला टवका उडून फुटली आहे, म्हणजे कुणीतरी मारलं आहे. मी त्याला म्हटलं, तू तुझं प्लास्टर बघ.

हे लिहिताना हात थांबतो. चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या इंजिनिअरला जे दिसायला हवं ते मेस्त्रीला दिसलं आणि मला दिसलं नाही? भेगेची रुंदी मी दर वेळी मोजत होतो. ती तसूभर वाढलेली नव्हती. मी स्वतःला समजावलं की काच फार नाजूक असते, माझ्या मोजपट्टीला न कळणारं तिला कळत असेल. खरं सांगायचं तर गुरुवार मलाही हवे होते. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही, म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच.

काच तिसऱ्यांदा तुटली तेव्हा मात्र माझाच नियम माझ्यापुढे येऊन उभा राहिला. तीनदा तुटली, अहवाल द्यायचा. मी दिला. दुसरा मजला रिकामा करावा, असं लिहिलं. आठ खोल्या. आठ दारं माझ्या डोळ्यांपुढे होती, तरी लिहिलं. नियमाचं एक बरं असतं, त्याच्या आडोशाला माणसाला लपता येतं.

पण प्रकरण आठ खोल्यांवर थांबलं नाही. करारात एक कलम होतं की इमारत धोकादायक ठरली तर करार संपेल. मेट्रो आल्यापासून त्या रस्त्याचे दिवस पालटले होते आणि मालकाला इमारत परत हवीच होती. त्याने माझा अहवाल दोन्ही हातांनी झेलला. सव्वीसच्या सव्वीस खोल्या रिकाम्या करायची नोटीस आली.

ट्रस्टच्या सचिव वत्सला मॅडम निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी रविवारी सकाळी तळमजल्यावर सगळ्यांची बैठक बोलावली. जुन्या पॅकिंग हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या. एक बाई एवढंच विचारत होती की मुलीची परीक्षा होईपर्यंत राहू देतील का. मी मॅडमशेजारी खुर्चीवर बसून वहीची पानं उलटत होतो.

हवालदार मागून उठले. पुढे आले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. पाय जुळवून उभे राहिले आणि मॅडमना हिंदीत म्हणाले की काच मी फोडली, तिन्ही वेळा मी, भिंतीचा काही दोष नाही. हॉलमध्ये कुजबुज झाली. मॅडमनी विचारलं, क्यों?

ते मॅडमकडे बघत होते, ते माझ्याकडे वळले. आणि मराठीत बोलले.

"तुमी तीन म्हैन्यांनी येणार म्हणालासा न्हवं, साहेब."

तेवढंच. त्या हॉलमध्ये मराठी येणारी आम्ही दोनच माणसं होतो.

मॅडमनी मला विचारलं, काय म्हणाले?

माझ्यापुढे सगळं स्वच्छ होतं. मी सांगू शकत होतो की हा माणूस माझी वाट बघत होता, म्हणून त्याने काच फोडली. सांगू शकत होतो की काच फुटलेली आहे, तुटलेली नाही, हे कळायला हवं होतं ते मला, आणि मी मुद्दाम कळून घेतलं नाही, कारण त्याच्याइतकीच मलाही त्या वीस मिनिटांची गरज होती. पण साठ-सत्तर माणसं माझ्याकडे बघत होती आणि मांडीवर माझी वही होती, माझ्या अक्षरातली.

मी हिंदीत म्हणालो, "काही नाही. चूक झाली म्हणतायत."

हवालदारांना हिंदी येत होती. मी काय सांगितलं ते त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली, जणू मी बरोबरच भाषांतर केलं.

पुढचं सगळं सुरळीत झालं. मी लिहून दिलं की काच बाहेरून फोडली गेली, भेग सरकलेली नाही. ट्रस्टने बाहेरचा इंजिनिअर आणून खात्री करून घेतली, नोटीस मागे गेली, पंचवीस दारं वाचली. इमारतीच्या सुरक्षेच्या वस्तूला हात लावणाऱ्याला खोली सोडावी लागेल, हा ट्रस्टचा नियम होता. तोही मीच सुचवलेला. वत्सला मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, "म्हातारा माणूस आहे, काही कारण असेल तर सांगा, मी समितीपुढे मांडते." म्हणजे दुसऱ्यांदा संधी मिळाली होती. मी म्हणालो, नियम तो नियम.

हवालदार दुसऱ्या दिवशी दुपारी निघाले. मी गेलो होतो. ट्रंकेची एक कडी मी धरली, दुसरी त्यांनी, जिना उतरून रिक्षापर्यंत आणली. बहिणीकडे खानापूरला जातो म्हणाले. मला कितीतरी बोलायचं होतं. मी विचारलं, तिकीट काढलंय ना? काढलंय म्हणाले. रिक्षात बसल्यावर त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. आत काचेचे तुकडे होते, तीन पट्ट्यांचे, नीट धुऊन पुसलेले.

"पोरांच्या पायात जात्याल, म्हणून उचलून ठिवल्तो," म्हणाले.

महिन्याभराने मी फोन केला. काहीतरी काम हवं म्हणून पत्ता विचारायच्या निमित्ताने केला. बरं चाललंय म्हणाले. बहिणीच्या घरात माणसं बरीच आहेत, सगळी आपापल्या कामात असतात. मग विचारलं, "काच?" मी म्हटलं, शाबूत आहे. "मग बरं," म्हणाले. पुढच्या वर्षी फोन केला तेव्हा तो नंबर बंद होता. खानापूर काही लंकेत नाही, बंगळूरहून रात्रीची गाडी धरली की सकाळी पोचता येतं. मी गेलो नाही. काय तोंडाने जाणार, असं आधी वाटलं. नंतर ते नसतीलच, असं वाटायला लागलं. आता तर तेवढंही विचारायला तिकडे कुणी ओळखीचं नाही.

चौदा नंबरात सध्या एका दवाखान्यातल्या आया राहतात. काच तीच आहे, त्या रविवारनंतर लावलेली. इतक्या वर्षांत तिला ओरखडासुद्धा नाही. नियमाप्रमाणे तिच्याकडे तीन महिन्यांनी बघायचं. मी दर गुरुवारी जात राहिलो. कुणी विचारलं तर म्हणायचो, आपली खात्री केलेली बरी.

यंदा गुडघ्यांनी हात टेकले आणि मी काम सोडलं. माझ्या जागी केतकी नावाची पुण्याची मुलगी आली आहे, हुशार, चटपटीत. तिला सगळ्या इमारती समजावून द्यायच्या म्हणून दोन महिने आम्ही बरोबर हिंडलो. पीण्याच्या व्हरांड्यात इतक्या वर्षांनी पुन्हा मराठी ऐकू आली. गुरुवारी ती थर्मासमधून कॉफी आणायची. तिला मी सुधाबद्दल सांगितलं, उसाबद्दल सांगितलं. हवालदारांबद्दल नाही सांगितलं.

गेल्या गुरुवारी तिने काच बघितली, मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाली, "सर, सिरियसली, ही एकदम स्टेबल आहे. तुम्ही दर आठवड्याला एवढे जिने कशाला चढता? मी तीन महिन्यांनी बघत जाईन."

मी म्हटलं, "बरं." मग विचारलं, मध्येच तुटली तर?

"तर काय, तुम्हाला लगेच फोन करीन. लगेच यावं लागेल तुम्हाला." असं म्हणून ती हसली आणि पाइप बघायला खाली गेली.

व्हरांड्यात मी एकटा होतो. दवाखान्यातल्या आया कामावर गेल्या होत्या, चौदा नंबरला कुलूप होतं. खांद्याच्या पिशवीत प्लास्टर ठोकून बघायची माझी छोटी हातोडी होती, ती कायम असते. मी ती काढली. किती हलक्या हाताने मारावं लागलं असेल, की काच फुटावी पण टोकांचं प्लास्टर हलू नये, एवढंच बघायचं होतं मला. हातोडी काचेपासून वीतभर अंतरावर नेली.

खालून केतकीने हाक मारली. मी हातोडी पिशवीत ठेवली, काचेवरची धूळ रुमालाने पुसली, आणि एकेक पायरी करत खाली आलो.